म्युटरचं पॅच लावलेलं पॅकेज : चालू ठेवायचं की बंद करायचं?

मलप्रभाकाठ, खानापूर

मंडळी, इथले काही जण माझ्या रेपोवरनं (पॅकेजांच्या साठ्यातनं) 'म्युटर-चपळ', म्हणजे म्युटरचं मी पॅच (बाहेरचा कोड-बदल) लावून बांधलेलं पॅकेज, वापरतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर खिडक्या हलवणं, त्यांची चित्रं एकत्र जुळवून पडद्यावर टाकणं हे काम म्युटर करतंय. खानापुरातलं एक वाचनालय, बेळगावातली दोन-तीन डीटीपीची दुकानं आणि निपाणीचं एक, अशा ठिकाणी आम्ही जुन्या मशिनींवर आर्च लिनक्स बसवून दिलंय. मशिनी बहुतेक इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आसपासच्या. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली उतरत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आणखी मशिनी माझ्याकडं यायला लागल्यात.

पॅकेज सुरू केलं ते एकाच पॅचसाठी. डायनॅमिक ट्रिपल बफरिंग (गरज पडली की चित्रासाठी तिसरा बफर, म्हणजे मेमरीतली जागा), मर्ज रिक्वेस्ट (मूळ कोडात बदल घ्या अशी विनंती) क्रमांक १४४१. उबुंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकलमधल्या डॅनियल व्हॅन व्हुग्ट यांनी ती २०२० मध्ये टाकली. ग्नोममध्ये ती आली कधी, तर मार्च २०२५ च्या ४८ मध्ये. मधली सगळी वर्षं हा पॅच बाहेरनंच वाहावा लागला. आता तो आत गेलाय, आणि माझ्या पॅकेजात उरलंय काय तर कंपायलरचे दोन-चार झेंडे (बांधताना द्यायच्या सूचना).

आता अडचण. सप्टेंबर २०२५ चं ग्नोम ४९ आर्चमध्ये आलं. नवीन ग्नोम शेलला (डेस्कटॉपच्या दर्शनी भागाला) म्युटरची लायब्ररी लिबम्युटर-१७ पाहिजे, माझं पॅकेज देतंय १६. आर्चमधला पॅकेजं बसवणारा पॅकमॅन अधिकृत म्युटर ओढून आणतो, त्याचं आणि माझ्या पॅकेजाचं जमत नाही, मग विचारतो, 'म्युटर-चपळ काढू का?' तिथं काही न लिहिता एंटर दाबलं की उत्तर 'नाही' धरतो आणि अख्खं अपडेट थांबतं. ब्राउझरसुद्धा जुनाच राहतो. माझ्याकडं नवीन बांधून होईस्तोवर सगळ्यांचं अडकून बसतंय.

पुढं काय करावं? ४९ वर नव्यानं बांधू, की गाशा गुंडाळू? मला वाटतंय गुंडाळावं. पण वापरणाऱ्यांचं आधी ऐकायचंय.

चिकोडीरोड

गुंडाळा ओ. खरं सांगायचं तर सुरू कशाला केलं हेच मला कळलं नव्हतं. उबुंटूवाले २०२२ च्या २२.०४ पासून हाच पॅच स्वतःच्या पॅकेजात घालून देत होते. २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे, त्यातपण आहे. वाचनालयात उबुंटू टाकलं असतं तर हे सगळं कुणीतरी पगार घेऊन केलं असतं. आणि डेबियन १३, तेही लिनक्सच, ऑगस्ट २०२५ चं, त्यात ग्नोम ४८ च आहे. तिथं तर पॅच लावायची गरजच नाही.

वाचनालयाला सहा महिन्यांनी नवीन ग्नोम कशाला पाहिजे? पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना?

निपाणी_दोनलिपी

आजोबांचं सोडा, आमचं सांगते. माझं पत्रिकांचं दुकान. निपाणीत लग्नाची पत्रिका म्हटली की एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, बऱ्याचदा एकाच पानावर दोन्ही. इंकस्केपमध्ये चार पानं, गिंपमध्ये देवाचे फोटो, बाजूला व्हॉट्सअ‍ॅप उघडं, कारण गिऱ्हाईक तिथनंच नावं बदलायला सांगतंय. खिडकी बदलायला गेलं की सगळं अडखळत सरकायचं. मलप्रभाकाठ दादांनी त्यांचं पॅकेज टाकलं तेव्हापासून लई फरक पडला, खोटं कशाला बोलू.

पण आता ते रोज 'काढू का' विचारतंय आणि मी रोज एंटर मारायलेय. काढलं तर परत अडखळायला लागेल अशी भीती आहे.

आणि दुसरं एक. मराठीवरनं कन्नडवर जाताना कीबोर्ड क्षणभर मुका होतोय. पहिली एक-दोन अक्षरं उशिरा उमटतात. त्यालापण पॅच असेल तर टाका की.

शहापूरपेठ

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. तिसरा बफर दिल्यानं मशीन फास्ट कसं होतं? काम तर तेवढंच आहे ना? उलट मेमरी जास्त लागेल.

हिडकल

प्रश्न बाळबोध नाही. पॅकेज वापरणाऱ्यांतल्या निम्म्यांना विचारलंस तरी उत्तर येणार नाही.

पडदा ६० हर्ट्झचा असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी तो नवीन चित्र उचलतो. दोन बफर असताना एक पडद्यावर, दुसऱ्यावर रेखाटन चालू. ते १७ व्या मिलिसेकंदाला संपलं तर बस सुटली, पुढच्या बसपर्यंत स्टँडवर बसून राहायचं. त्या वेळात ग्राफिक्स चिपला कामच नाही, कारण चित्र काढायला मोकळा बफर नाही. म्हणजे जेमतेम उशीर झाला तरी ६० चे ३० होतात.

खरी गंमत पुढं आहे. ड्रायव्हर बघतो की चिप बराच वेळ रिकामी बसलीय. म्हणून तो वीज वाचवायला तिचं घड्याळ खालीच ठेवतो. सहाव्या पिढीतल्या एचडी ५२० चं घड्याळ ३०० मेगाहर्ट्झपासून साधारण १ गिगाहर्ट्झपर्यंत जातं. घड्याळ खाली म्हणून उशीर, उशीर म्हणून वाट बघणं, वाट बघते म्हणून रिकामी, रिकामी म्हणून घड्याळ खाली. चिपमध्ये ताकद आहे, पण ती कुणी मागतच नाही.

तिसरा बफर दिला की वाट न बघता पुढचं चित्र सुरू करता येतं. चिप सतत कामात दिसते, घड्याळ वर चढतं, चित्रं वेळेत व्हायला लागतात. वेळेत व्हायला लागली की पॅच परत दोन बफरांवर येतो. डायनॅमिक म्हणतात ते यामुळं. कायम तीन ठेवले असते तर प्रत्येक चित्र एका फेरीनं उशिरा दिसलं असतं, आणि माउस ओढताना ते हाताला जाणवतं.

मेमरी म्हणशील तर १९२० बाय १०८० च्या पडद्याला एक बफर सुमारे ८ एमबी. त्याची चिंता नको.

शहापूरपेठ

म्हणजे काम कमी झालं नाही, वाट बघणं कमी झालं. कळलं सर, थँक्यू.

उद्यमबाग

सगळं बरोबर, पण झेंड्यांना दोन-चार म्हणून उडवून लावू नका. मी माझ्या मशिनीवर म्युटर ओ३ (जास्त वेगासाठी) आणि मार्च-नेटिव्ह (याच प्रोसेसरसाठी) या झेंड्यांनी बांधतो. फौंड्रीचे मोठे सीएडी आराखडे उघडतो, फरक दिसतो. अधिकृत पॅकेज कुठल्याही जुन्यापुराण्या ६४ बिट प्रोसेसरवर चाललं पाहिजे म्हणून बांधलेलं असतं. आपल्याकडं कुठल्या मशिनी आहेत ते आपल्याला माहीत आहे, मग त्याचा फायदा का घ्यायचा नाही? पॅकेज चालू ठेवा, बांधायला माझी मशीन देतो. सोळा थ्रेड आहेत, चहा येईस्तोवर होईल.

मलप्रभाकाठ, खानापूर

मशीन द्यायची तयारी दाखवलीत त्याबद्दल आभार, पण नेटिव्हनं बांधलेलं मी रेपोत घालणार नाही. वाचनालयातल्या दोन मशिनी पेंटियम आहेत. सहाव्या पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स (एकदम अनेक आकडे मोजायच्या) सूचनाच नाहीत, त्याच पिढीच्या आय३ मध्ये आहेत. तुमच्या मशिनीवर नेटिव्हनं बांधलेलं म्युटर त्या पेंटियमवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरणार. म्युटर मेलं की ग्नोमचं अख्खं सेशन जातंय, लॉगिनचा पडदा परत येतो, परत जातो. ग्रंथपाल बाईंना फोनवरनं टर्मिनल उघडायला सांगायचं काम मला नको.

आणि दुसरं, आराखडा उघडायचा वेळ म्युटरचा नसतोच. फाइल वाचणं, रेषा मोजणं हे सीएडीचं काम. म्युटर फक्त तयार खिडकी पडद्यावर टाकतं. हिडकल अण्णांनी वर सांगितलं तसं त्याचा वेळ जातो तो वाट बघण्यात, आकडेमोडीत नाही. वाट बघायचा वेग ओ३ नं वाढत नाही.

सिसप्रॉफ (वेळ मोजणारं साधन) लावून बघा. एकदा अधिकृत, एकदा तुमचं, दोन्हीकडं तीच खिडकी तशीच ओढून. आर्चची पॅकेजं आता फ्रेम पॉइंटर (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्याची खूण) ठेवून बांधतात, त्यामुळं वेळ कुठं जातो ते नीट दिसतंय. तुमच्या झेंड्यांत फ्रेम पॉइंटर काढून टाकला असेल तर मात्र अर्धं चित्र गायब दिसेल, तेवढं तपासा. तोलून झाल्यावर आकडे इथं टाका, मी मानायला तयार आहे.

उद्यमबाग

टाकतो रविवारी. पेंटियमचं मान्य. तोपर्यंत मी माझ्यापुरतं बांधत राहणार, त्याला तुमची हरकत नसावी.

मलप्रभाकाठ, खानापूर

अजिबात नाही. स्वतःच्या मशिनीवर माणसानं काहीही करावं. दुसऱ्याच्या मशिनीवर अपडेट जातं तेव्हा गणित बदलतंय.

चिकोडीरोड

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पॅच वाहायचा म्हणजे नेमकं करता काय? फाइल लावायची, बांधायचं, संपलं. मग एवढा बाऊ कशाचा?

मलप्रभाकाठ, खानापूर

लावायला दोन मिनिटं लागतात हे खरं. त्यानंतरचं सांगतो.

म्युटरची नवीन मोठी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये, मध्ये ४८.१, ४८.२ अशा छोट्या. पॅच लिहिलेला असतो मुख्य शाखेवर, मला पाहिजे तो स्थिर शाखेवर. दोन्हींत एकाच फंक्शनच्या आजूबाजूला वेगळे बदल झालेले असतात, त्यामुळं चेरी-पिक करताना (तेवढाच बदल उचलून आणताना) गिट (कोडाचे बदल सांभाळणारा प्रोग्रॅम) भांडायला लागतंय. गिट भांडतंय ते बरं, कारण मग निदान आपण बघतो. भीती वाटते ती गिट काही न बोलता पॅच लावून मोकळं होतंय तेव्हाची. ओळी जुळल्या, पण खालच्या फंक्शनचा अर्थ बदलला, कुलूप कुणी कधी धरायचं ते बदललं. बांधून होतंय, चालतंय, आणि तिसऱ्या दिवशी दुसरा मॉनिटर लावला की पडदा गोठतोय.

ग्नोम ४५ मध्ये तर पडद्याला चित्र पाठवायचं काम म्युटरनं वेगळ्या थ्रेडवर नेलं, म्हणजे या पॅचच्या पायाखालची जमीनच हलली. लेखकानं प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र शाखा ठेवली नसती तर माझ्यासारख्याला ते झेपलंच नसतं. माझं काम त्याची जुनी शाखा आणि नवी शाखा गिट रेंज-डिफमधनं शेजारी ठेवून वाचणं. त्याच्या पॅचमध्ये काय बदललं ते कळलं की मूळ कोडात काय बदललंय ते आपोआप कळतं. हे वाचन टाळून नुसता आवृत्तीचा आकडा वाढवणारे पण असतात, बांधून होतंय त्यांचंपण.

मग स्वच्छ क्रूटमध्ये बांधायचं, म्हणजे माझ्या मशिनीवर चुकून पडलेली लायब्ररी त्यात शिरणार नाही. मग चाचणी. पूर्वी नेस्टेड चालवून खिडकीतल्या खिडकीत बघता यायचं, ४९ पासून त्याच्या जागी डेव्हकिट आलंय. पण खिडकीतल्या खिडकीत खरं हार्डवेअर येत नाही, त्यामुळं ट्रिपल बफरिंगची खरी चाचणी मशीन परत चालू करूनच. झोपवून उठवायची, प्रोजेक्टर लावायचा, पूर्ण पडदा व्हिडिओ. पॅचमध्ये एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (बाहेरनं द्यायचं सेटिंग) होतं, त्याला 'नेव्हर' दिलं की तिसरा बफर बंद. कुणी तक्रार केली की पहिलं तेच करायला सांगायचो. त्रास तसाच राहिला तर दोष पॅचचा नाही, आणि मग ग्नोमच्या लोकांकडं तक्रार नेताना लाज वाटत नाही. पॅच लावलेल्या म्युटरची तक्रार त्यांच्याकडं तशीच नेली तर ते उलट विचारणार, आणि त्यांचं बरोबर आहे.

एवढं सगळं एका गोष्टीच्या भरवशावर केलं : मर्ज रिक्वेस्ट उघडी होती, लेखक काम करत होता, आज ना उद्या ती आत जाणार होती. ज्या पॅचला आत जायचंच नाही तो मी कधी घेतला नाही. लोकांनी आणून दिले बरेच.

चिकोडीरोड

बरं. आता कळलं. तरी मी डेबियनच टाकणार.

हिडकल

टाका. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांकडंपण हीच गोष्ट झाली. केविन म्हणजे त्यांचं म्युटर, त्याची एक लो-लेटन्सी (कमी उशिराची) आवृत्ती बाहेर कुणीतरी सांभाळत होतं. त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ५.२१ मध्ये, २०२१ ला, केविनचं चित्र कधी काढायचं ते वेळापत्रकच नव्यानं लिहिलं गेलं आणि त्या आवृत्तीचं कारण बरंचसं संपलं. ट्रिपल बफरिंग त्यांच्याकडं २०२४ च्या ६.१ मध्ये आलं, ग्नोमच्या आधी. पॅचचं पॅकेज फार वर्षं टिकलं तर समजावं आत काहीतरी अडलंय.

निपाणीच्या ताईंच्या कीबोर्डकडं कुणीच बघितलं नाही. ताई, तो त्रास म्युटरच्या पॅचनं जाणार नाही. तुम्ही आयबसमधनं (भाषांची टाइपिंग-इंजिनं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधनं) मराठी-कन्नड लावलंय ना? भाषा बदलली की ग्नोम शेल कीबोर्ड धरून ठेवतं, आयबसला नवीन इंजिन लावायला सांगतं, इंजिन लागलं की कीबोर्ड सोडतं. अर्धं अक्षर मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये जाऊ नये म्हणून. इंजिन उठलंच नाही तर ४ सेकंदांनी सोडून देतं. जुन्या हार्ड डिस्कवर इंजिन उठायला वेळ लागतो, तोच तुमचा मुका क्षण. हे शेलच्या जावास्क्रिप्टमध्ये आहे. ती मर्यादा कमी करणारा पॅच तुम्हाला कुठंतरी सापडेल, घेऊ नका. वेळ कमी होणार नाही, फक्त अक्षरं चुकीच्या लिपीत पडतील.

त्यापेक्षा आयबस सोडून साध्या एक्सकेबी मांडण्या (सिस्टीमच्याच कीबोर्ड मांडण्या) घ्या. 'इंडिया'खाली कन्नड आहे, मराठीची सुधारित इनस्क्रिप्ट आहे. इनस्क्रिप्टमध्ये दोन्ही लिप्यांचा क एकाच कळीवर, त्यामुळं बोटांना नवीन शिकायला नको. उच्चारानं टाइप करत असाल तर कगप मांडणी आहे. मुळात ती कन्नड गणक परिषदेची, तिचाच मराठी अवतारपण यादीत आहे. एक्सकेबीच्या सगळ्या मांडण्यांना आयबसचं एकच साधं इंजिन पुरतं, ते आधीच जागं असतं, म्हणून बदल पटकन होतो.

निपाणी_दोनलिपी

इनस्क्रिप्टच करते मी, आयटीआयला शिकलेली. लावून बघते दुपारी, आता गिऱ्हाईक हाय.

शहापूरपेठ

एक सुचवू का? बंद करायच्या आधी शेवटचं बांधलेलं पॅकेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ठेवा. ज्यांना पाहिजे ते घेतील. आमच्या हॉस्टेलवर असंच फिरतं सगळं.

मलप्रभाकाठ, खानापूर

नाही रे बाबा. विंडो मॅनेजरला तू टाइप केलेली प्रत्येक कळ दिसते, पासवर्डसुद्धा. जुलै २०२५ मध्ये एयूआरवर (आर्च वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या पॅकेजांच्या जागेवर) तीन पॅकेजं सापडली, ब्राउझरची, नावात 'फिक्स', 'पॅच' नाहीतर 'पॅच्ड' घातलेली. आत कॅऑस नावाचा दूरनं मशीन ताब्यात घेणारा प्रोग्रॅम होता. आर्चनं ती काढून टाकली. असलं नाव दिसलं की माणूस फसतो. ग्रुपवर फिरणाऱ्या फाइलवर माझी सही नाही, कुणी बदलली तर कळणार कसं?

माझ्या रेपोतली सगळी पॅकेजं सही केलेली आहेत आणि प्रत्येक मशिनीत माझी किल्ली मी स्वतः घातलीय. जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात नेट चालत नाही तेव्हा पेन ड्राइव्हवरनं अपडेट नेतो, तरी पॅकमॅन सही तपासतोच. 'ट्रस्ट ऑल' लिहून मोकळं होणं सोपं आहे, बरेच जण करतात. तू नको करू. रेपो लावायला शिकायचं असेल तर ये एकदा खानापूरला, रेल्वेनं येशील तर पाऊण तासाचं काम.

चिकोडीरोड

बंद करायचंच ठरलं असेल तर नीट करा. प्रत्येकाला फोन करून 'वाय दाबा' सांगत बसू नका. आणि 'नो-कन्फर्म'नं (काही न विचारता) चालणारं अपडेट असेल तर तेही अडकणार, कारण तिथं डीफॉल्ट उत्तर 'नाही' आहे.

एक रिकामं पॅकेज बांधा, आत काहीच नाही. त्याला 'रिप्लेसेस' म्युटर-चपळ, आणि 'डिपेंड्स' म्युटर. तुमच्या रेपोत टाका. पुढच्या पूर्ण अपडेटला पॅकमॅन विचारेल की याच्या जागी ते घालू का, आणि त्या प्रश्नाचं डीफॉल्ट उत्तर 'हो' आहे. मग नुसतं एंटर मारणाऱ्यांचंही काम होईल. म्युटर-चपळ आधीच काढायच्या यादीत गेल्यामुळं तो दुसरा प्रश्न येणारच नाही.

मलप्रभाकाठ, खानापूर

हे बेस्ट काम सांगितलंत. डेबियनवाला माणूस पॅकमॅनचं एवढं जाणतो हे लपवून ठेवलं होतंत की ओ.

केलं. वाचनालयाच्या एका पेंटियमवर लावून बघितलं, बरोब्बर गेलं. लिबम्युटर-१७, शेल ४९, सेशन व्यवस्थित उठलं. रेपोत टाकलंय. म्युटर-चपळचं पीकेजीबिल्ड (पॅकेज बांधायची कृती) आणि पॅच गिटमध्ये तसेच राहतील, वर लिहून ठेवलंय की ४८ पासून गरज नाही. ४९ मध्ये एक्स११ चं (पडदा चालवायच्या जुन्या पद्धतीचं) सेशन मूळ बांधणीत बंद केलंय, त्यामुळं जे अजून त्यावर लॉगिन करतात त्यांनी आधी वेलँडवर (नव्या पद्धतीवर) एकदा सगळं चालवून बघा, विशेषतः स्कॅनर आणि स्क्रीन शेअर करणारे. हे पॅकेजाशी संबंधित नाही, पण फोन मलाच येणार.

निपाणी_दोनलिपी

अपडेट केलं. 'जागी घालू का' विचारलं, एंटर मारलं. मशीन चालू करून इंकस्केप, गिंप सगळं उघडलं, आधीसारखंच सरकतंय. कीबोर्डपण आता लगेच बदलतोय, पण कन्नडमधलं अर्कावत्तू (रफार) कुठल्या कळीवर ते सापडेना. आयबसमध्ये मिळत होतं.

हिडकल

ताई, कन्नडमध्ये र नंतर हलंत, मग पुढचं अक्षर टाइप करा, अर्कावत्तू आपोआप बाजूला बसतो, वेगळी कळ लागत नाही. हलंत डी च्या कळीवर, मराठीत आहे तिथंच. फाँट नोटो सान्स कन्नड ठेवून एकदा बघा. जुन्या फाँटांत तो वेगळा काढावा लागायचा, ती सवय असेल.

उद्यमबाग

रविवारचे आकडे : अधिकृत आणि माझं, सिसप्रॉफमध्ये खिडकी ओढताना फरक सापडला नाही. आराखडा उघडायला दोन्हीकडं तेवढाच वेळ. तरी मी ओ३ ठेवणार आहे, फक्त माझ्या मशिनीवर.